चाकणला जाण्याआधीची बेगमी

गेल्या श्रावणातली गोष्ट. आडसाली लागणीच्या नोंदी घेण्याचे काम गट ऑफिसात जोरात चालले होते. फॉर्म भरून झाला, सातबाऱ्याचा उतारा जोडून झाला, तरी एक सभासद बाकावरून उठेनात. आम्ही विचारले, "नाना, आणखी काही राहिलं का?" त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "साहेब, उसाचं न्हाई. धाकट्याला चाकणला धाडतोय. कंपनीत लागलाय. आठ हजार दिल्यात बरोबर. पुरतील नव्हं?"

प्रश्न साधा, पण उत्तर देताना आमची जीभ अडखळली. कारण हाच प्रश्न २०२३ सालच्या आषाढात आमच्या थोरल्या बंधूंनी आम्हांस विचारला होता, आणि आम्ही "पुरतील की, पोरगा हुशार आहे" असे बेधडक उत्तर दिले होते. तो आकडा सहा हजारांचा होता. पोरगा हुशार होता यात शंका नाही. पण चोविसाव्या दिवशी तो एस.टी.ने परत आला.

एकरी किती बेणे लागेल, किती पोती खत लागेल, हे आम्ही झोपेतही सांगू. पण माणूस घराबाहेर लावायचा तर त्याला काय लागते, याचा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता. म्हणून या अंकात उसाऐवजी हे लिहीत आहोत. आपल्या कार्यक्षेत्रातून पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणकडे जाणारी मुले आता थोडी नाहीत. जमिनीचे तुकडे होत चालले, एका एकरावर दोन भावांचे संसार निघत नाहीत, तेव्हा मुलांनी जाऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. कसे जावे एवढेच म्हणणे आहे.

आधी त्या सहा हजारांचे काय झाले ते सांगतो. आमचा पुतण्या आय.टी.आय. झालेला. ३ जुलै २०२३ रोजी कामावर हजर व्हायचे होते. नोकरी लावून देणाऱ्या माणसाने 'फॉर्म फी' म्हणून १,५०० रुपये घेतले. पावती नाही. खोलीच्या डिपॉझिटात त्याच्या वाट्याचे २,००० गेले, महिन्याचे भाडे आगाऊ १,५०० गेले. तिसऱ्या दिवशी खिशात हजार रुपये. पगार कधी? तर पुढच्या महिन्याच्या सात-आठ तारखेला. म्हणजे हजार रुपयांवर पाच आठवडे काढायचे. दहाव्या दिवशी खिसा रिकामा झाला. घरी सांगायची लाज वाटली. मोबाईलवर झटपट कर्ज देणारे एक ॲप कोणीतरी दाखवले. मागितले ३,०००, हातात पडले २,४००, आणि सात दिवसांत पुरते ३,००० फेडायचे. ते फिटले नाहीत, तेव्हा त्याच्या मोबाईलमधल्या सगळ्या नंबरांवर धमक्यांचे फोन सुरू झाले. त्यात आमच्या वहिनींचा नंबर होता, गावच्या सरपंचांचाही होता. शेवटी ४,८०० रुपये भरून ते प्रकरण मिटवले. त्यासाठी वहिनींनी दोन शेळ्या विकल्या. पोराच्या केलेल्या कामाचा पगार कंत्राटदाराकडून निघेपर्यंत बंधूंच्या चाकणला तीन फेऱ्या झाल्या.

पोरगा आल्यावर महिनाभर घराबाहेर पडला नाही. पारावर बसणारी मंडळी म्हणायची, "कष्ट झेपलं न्हाईत." कष्ट झेपले होते, चाळीस दिवसांची शिदोरी नव्हती एवढेच. पण हे कळायला आम्हांलाही सहा महिने लागले.

नोकरीसाठी पिंपरीला जाण्याची वाट आपल्या भागाला नवी नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलीनचा कारखाना तिथे १९५४ साली उभा राहिला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ निघाले, माळरानाचे प्लॉट पडले, मोटारींचे आणि स्कूटरचे मोठे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका झाली आणि बारा वर्षांत महानगरपालिका. आमचे मामा १९७६ मध्ये पत्र्याची पेटी घेऊन तिकडे गेले तेव्हा दीड वर्षात कायम झाले. पुढे निगडीला प्राधिकरणाचा प्लॉट घेऊन त्यांनी दोन खोल्या बांधल्या. मामांच्या गोष्टी ऐकूनच आपल्या घराघरांत एक समज बसला आहे की, पोरगं एकदा गेटाच्या आत गेलं की सुटलं.

ते दिवस गेले. आता काम चाकणला आहे. शिवरायांच्या काळात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी ज्या भुईकोटात शाहिस्तेखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजवले, तेच हे चाकण. कांदा-बटाट्याच्या बाजाराचे गाव. १९९९ साली बजाजचा कारखाना तिथे सुरू झाला, २००९ साली फोक्सवॅगनचा, आणि मग महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी या गावांतल्या ज्वारी-बाजरीच्या रानांत शेड उभ्या राहिल्या. तिथल्या शेतकऱ्यांनी राहिलेल्या गुंठ्यांत खोल्या बांधून भाड्याने लावल्या. आपल्या मुलांना तिथे जे काम मिळते ते बहुतेक कंत्राटदारामार्फत. सहा-सात महिने, फार तर अकरा महिने. मग 'ब्रेक'. मामांचा हिशेब पुतण्याला लागू करणे म्हणजे बागायतीची खतमात्रा जिरायतीला देण्यासारखे आहे.

आता पगाराचा आकडा. हा मुद्दा आपल्या सभासदांना इतर कोणाहीपेक्षा लवकर कळावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफ.आर.पी. जाहीर केली. पेपरात वाचलेला हा आकडा धरून कोणी शहाणा शेतकरी खताची उधारी करतो का? करीत नाही. कारण आपल्या कारखान्याचा उतारा किती, त्यातून तोडणी-वाहतूक किती वजा होणार, सोसायटीचा हप्ता किती कापला जाणार, हे त्याला तोंडपाठ असते. नोकरीतही हुबेहूब तसेच आहे. पुतण्याला २०२४ मध्ये दुसऱ्यांदा नोकरी लागली तेव्हा सांगणाऱ्याने सांगितले "वीस हजार". पगारपत्रकावर होते १७,४००. वरचा फरक म्हणजे भविष्य निर्वाह निधीत आणि राज्य विम्यात मालकाने भरायचा हिस्सा. तोही पोराच्याच पगारात धरून सांगायची तिकडे रीत आहे. आता या १७,४०० मधून तोडणी-वाहतूक बघा. मूळ पगार व महागाई मिळून १३,०००, त्याचे बारा टक्के निर्वाह निधीला, १,५६०. राज्य विम्याला पाऊण टक्का, १३१. व्यवसाय कर २००. कँटीनचे ४००. हातात आले १५,१०९. वीस हजार ऐकून बंधूंनी मनातल्या मनात पाच हजार महिना घरी येणार असे धरले होते, आणि पोराने एक मोबाईल हप्त्यावर बघून ठेवला होता. दोघांचाही पाया पोकळ.

ओव्हरटाईमचे पैसे मिळतात, कायद्याने ते दुप्पट दराने मिळायला हवेत. पण ते दिवाळीच्या बिलासारखे समजावे. आले तर आनंद आहे, खर्चाच्या पाटीत धरू नये. मंदी आली की पहिल्यांदा ओव्हरटाईम बंद होतो.

आणि कापले गेले म्हणून रडायचेही कारण नाही. निर्वाह निधीत पोराचे १,५६० गेले तसे मालकाचेही जातात. ब्रेक मिळाला की तिथले पैसे काढून मोकळे व्हायचे, असे पोरांना वाटते. तसे करू नये. कंत्राटदार बदलला तरी खात्याचा बारा आकडी नंबर तोच ठेवावा आणि जुने नव्यात वर्ग करून घ्यावे. दहा वर्षांची नोकरी अशी तुकड्यातुकड्यांनी का होईना भरली की पेन्शनचा हक्क लागतो. राज्य विम्याचे कार्ड पहिल्या महिन्यातच मागून घ्यावे. चिंचवडला मोहननगरात या योजनेचे रुग्णालय आहे. पोराला कावीळ झाली तर खाजगी दवाखान्यात सहा महिन्यांची शिल्लक जाते, ती या १३१ रुपयांत वाचते.

अप्रेंटिस म्हणून जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना पगार नसतो, विद्यावेतन असते. निर्वाह निधी नाही आणि राज्य विमाही नाही. २०१९ साली नियम दुरुस्त झाले तेव्हा किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे पाच ते नऊ हजार ठरले होते. काही कंपन्या त्याहून जास्त देतात. तरी आमचे स्पष्ट मत असे की, एवढ्यावर एकटी खोली घेऊन राहणे होत नाही. वर्षभर घरून दोन-तीन हजार पाठवण्याची तयारी असेल तरच अप्रेंटिसला धाडावे, आणि ते बियाण्याच्या खात्यात लिहावे. पोरगा शिकून निघतो, ते उत्पन्न पुढच्या साली.

आता दुसऱ्या वेळची हकिकत. २०२४ च्या उन्हाळ्यात पुतण्या म्हणाला, "तात्या, मी परत जाणार. पण ह्यावेळी दादांकडून पैसे घेणार नाही." आम्ही म्हटले, "जा, पण जाण्याआधी दोन महिने इथेच चाकणला राहा." त्याला काही कळेना. मग आम्ही त्याला वही आणून दिली. अट अशी, की घरात राहायचे पण खर्च स्वतःचा. साबण, तेल, मोबाईलचे रिचार्ज, केस कापणे, चहा, पेट्रोल, सगळे आपल्या कमाईतून आणि वहीत लिहून. आठवड्यातून तीन दिवस स्वयंपाकही त्यानेच करायचा. वहिनींना हे मुळीच पसंत पडले नाही. "पोराला घरात परक्यासारखं वागवता," म्हणून आठ दिवस त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. पोरगा ठिबकच्या नळ्या जोडण्याच्या कामावर जाऊ लागला. पहिल्या महिन्याच्या वहीत चहा-वडापाव-गुटखा या तिघांचे मिळून १,९०० रुपये निघाले. गुटख्याचा आकडा आम्ही त्याच्या वडिलांना सांगितला नाही, त्यालाच दाखवला. दुसऱ्या महिन्यात ती ओळ ६५० वर आली. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून दहा-दहा रुपये कसे जातात ते कळत नाही. पूर्वी नोट मोडताना तरी हात अडायचा.

दोन महिन्यांत त्याने १४,००० रुपये बाजूला टाकले. मग आम्ही दोघांनी बसून लागणीचा खर्च काढला. तो जसाच्या तसा देतो, कारण सभासदांना आकड्यांशिवाय समाधान होत नाही.

डिपॉझिटमधला वाटा २,५००. भाड्याचा आगाऊ वाटा १,७५०. गादी ७००, कारण पांघरूण घरचे नेले. बादली, तांब्या, कुलूप, ताट-वाटी, तवा ६००. सुरक्षा बूट ९००. वास्तविक ते मालकाने द्यायचे असतात, पण कंत्राटदाराच्या माणसाने "स्वतःचे आणा" म्हणून सांगितले आणि पहिल्याच दिवशी भांडण कोण करणार. फोटो, झेरॉक्स, वैद्यकीय दाखला ३५०. जाण्याचे आणि आधी खोली बघायला गेलेल्या फेरीचे भाडे ८००. मेसचे एक महिन्याचे आगाऊ १,६००. पगार हाती येईपर्यंतचा वरखर्च ३,८००. आणि ५०० रुपये परतीचे भाडे म्हणून पाकिटाच्या आतल्या कप्प्यात, त्याला हात लावायचा नाही. एकूण १३,५००.

यातला वरखर्च कसा काढला ते नीट पाहावे. कायद्याप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. पोरगा ५ जूनला हजर झाला. प्रत्यक्ष पैसे ९ जुलैला जमा झाले, तेही पुऱ्या महिन्याचे नव्हे. म्हणजे पस्तीस दिवस, आणि उशीर धरून चाळीस. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र लागते, पण ते आपण लागणीलाच ओतत नाही. दहा टक्के लागणीला, चाळीस टक्के सहा ते आठ आठवड्यांनी, दहा टक्के बारा ते सोळा आठवड्यांनी आणि उरलेले चाळीस मोठ्या बांधणीला. पुतण्याने हेच केले. ३,८०० रुपये सहा पाकिटांत घातले, दर आठवड्याला एकच पाकीट फोडायचे. पहिल्या खेपेस सारे खत पहिल्या पाण्यालाच वाहून गेले होते.

खोली बघण्याची फेरी फुकट गेली असे कोणी समजू नये. स्वारगेटला उतरून आता मेट्रोने थेट नाशिक फाटा, पिंपरीपर्यंत जाता येते, तिथून पुढे चाकणची बस. खोली कंपनीच्या बसच्या थांब्यापासून चालत किती लांब आहे ते स्वतः चालून बघावे. तळेगाव-चाकण रस्त्यावर आणि नाशिक रस्त्यावर वाहनांची कोंडी अशी असते की पाच किलोमीटरला तास जातो. पाचशे रुपये भाडे कमी म्हणून लांबची खोली घेतली तर तेवढे रिक्षात जातात, आणि एक दिवस उशीर झाला की खाडा लागतो. लाईटचे बिल मालक कोणत्या दराने घेतो, पाणी किती वेळ येते, डिपॉझिट परत देताना रंगाचे किती कापतो, हे आधी विचारावे. आधीच्या भाडेकरूलाच विचारावे, तो खरे सांगतो.

महाळुंग्याला चौघांत मिळून एक खोली-किचन होते. त्या चार महिन्यांची वही पाहिली तर साधारण महिना असा दिसतो. भाड्याचा वाटा १,७५०, लाईट-पाणी २५०, एक वेळची मेस १,६००, नाष्टा, चहा आणि रविवारचे जेवण १,३००, मोबाईल ३००, साबण-तेल-केस ४५०, गावाकडे एक फेरी ७००, औषधपाणी व किरकोळ ५००, कपडे-बुटांसाठी बाजूला ४००. बेरीज ७,२५०. हातात येणाऱ्या १५,१०९ मधून ७,८५९ उरतात. आकडा बघून बंधू खूष झाले.

पण ऑक्टोबरात पोराने ती खोली सोडली आणि खराबवाडीला एकट्यासाठी खोली घेतली. भाडे ४,५००, लाईट-पाणी ४००. घरात वादळ उठले. "राजवाड्यात राहायला गेलाय काय? तिघं-चौघं राहतात ना सगळी पोरं?" असे बंधू फोनवर ओरडले. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले. म्हणून एका रविवारी आम्ही जाऊन आलो.

त्याने वही पुढे ठेवली. एकटा राहू लागल्यावर मेस बंद केली होती, डाळ-तांदूळ, पीठ आणि गॅस मिळून २,३०० मध्ये भागवत होता. पाच किलोचा लहान सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. चहा-नाष्टा ७०० वर आला होता. बाकीच्या ओळी त्याच. बेरीज १०,२५०. म्हणजे पूर्वीपेक्षा बरोबर ३,००० जास्त. आम्ही विचारले, "हे तीन हजार कशाचे?"

"झोपेचे, तात्या," तो म्हणाला.

मग सगळे सांगितले. चौघांच्या पाळ्या वेगवेगळ्या. हा रात्रपाळी करून सकाळी आठला पाठ टेकणार, तोच दुसऱ्याच्या कुकरच्या शिट्ट्या. तिसरा मोबाईलवर मोठ्याने पिक्चर बघणार. वर पत्रा. चार तास झोप झाली तर नशीब. सप्टेंबरमध्ये एका रात्री प्रेस मशिनवर त्याला डुलकी लागली. शेजारच्याने खांद्याला धरून मागे ओढले म्हणून हात वाचला. या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांत प्रेसवर बोटे जाण्याचे अपघात होत असतात. हे त्याने घरी सांगितले नव्हते. त्याने आपला उजवा हात वहीवर पालथा ठेवला होता. पाचही बोटे आम्ही पाहिली आणि भाड्याचा विषय तिथेच संपवला.

याचा अर्थ प्रत्येकाने एकटी खोली घ्यावी असा नाही. दिवसपाळी असेल, सोबती गावाकडचे आणि एकाच पाळीचे असतील, तर चौघांत राहणे सोयीचेच. शिवाय पहिल्या चार महिन्यांत जी शिल्लक पडली ती चौघांत राहिल्यामुळेच पडली. आमचा सल्ला असा की, पहिले तीन-चार महिने वाट्याने राहावे, डिपॉझिटची रक्कम साठली आणि पाळीचा अंदाज आला की मग ठरवावे. पण पैसा कमी म्हणून झोप विकायची नाही. यंत्रावर काम करणाऱ्याला ती परवडत नाही.

रेशनचेही सांगून ठेवतो. कुटुंब प्राधान्य यादीत असेल तर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते, आणि आपल्या एकट्याच्या वाट्याचे धान्य चाकणच्या दुकानातूनही उचलता येते. घरची मंडळी त्यांचे गावात उचलतात. मात्र आपले बरेच सभासद त्या यादीत नाहीत, त्यांनी घरून जाताना गहू-ज्वारी, शेंगदाण्याचे कूट, चटणी, गूळ न्यावा. एस.टी.तून पोते नेताना पोरे लाजतात. लाजू नये. मामांच्या पेटीत कपड्यांपेक्षा बाजरीच जास्त होती.

मुलींविषयी वेगळे लिहायला हवे, कारण आपल्या तीन-चार सभासदांच्या मुली डिप्लोमा करून तिकडे गेल्या आहेत. त्यांचे भाडे मुलांपेक्षा जास्तच पडते. कडेची, आडबाजूची स्वस्त खोली त्यांना घेता येत नाही आणि घेऊही नये. बसचा थांबा दिव्याखाली असला पाहिजे. तेव्हा त्यांच्या पाटीत भाड्याची ओळ मोठी धरावी आणि दुसरीकडे कमी करावी. एक सूट आहे, महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून व्यवसाय कर नाही. पगारपत्रकात तो कापलेला दिसला तर विचारावे. आमच्या गटातल्या एका मुलीने विचारला आणि चार महिन्यांचे परत मिळवले.

आता राहिली घरी पैसे पाठवण्याची गोष्ट, आणि हीच अवघड आहे. बंधूंची पाच हजारांची अपेक्षा होती, कारण धाकटीचे लग्न डोळ्यांपुढे होते. त्यांचेही चुकीचे नव्हते. एकरभर उसात चाळीस टन निघाले तरी ते बिल दीड वर्षाने, आणि त्याला आधीच दहा वाटा. पोराचा पगार दर महिन्याला, म्हणून सगळ्यांचे डोळे त्यावर. पण पहिल्या चार महिन्यांत त्याने एक रुपया पाठवला नाही, ते आमच्या सांगण्यावरून. बंधू आम्हांला म्हणाले, "तू त्याला फोडलास घरातून." हे ऐकून घेतले. ऑक्टोबरपासून तो दोन हजार पाठवू लागला. खोलीचे डिपॉझिट, दिवाळीचा खर्च जाऊन डिसेंबरअखेर बँकेत अठ्ठावीस हजारांच्या आसपास होते.

आणि डिसेंबर संपताच सात महिने भरले म्हणून ब्रेक मिळाला.

सदतीस दिवस तो बिनकामाचा होता. या वेळी तो परत आला तो पळून नव्हे. खोली सोडली नाही, तिचे भाडे भरले, कारण सोडली असती तर डिपॉझिटातून कापले गेले असते आणि पुन्हा शोधाशोध. गावी येऊन आमच्याच तोडणीच्या धांदलीत बंधूंना मदत केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसऱ्या कंत्राटदाराकडे लागला. शिल्लकेतले नऊ हजार गेले. ऑक्टोबरपूर्वीपासून महिन्याला पाच हजार घरी पाठवले असते तर ते नऊ हजार कुठून आले असते, हे आम्ही बंधूंना विचारले नाही. त्यांनीच एक दिवस बांधावर बसल्या बसल्या बोटांवर मोजले आणि म्हणाले, "दोन महिन्यांचं त्याच्याजवळ असू दे." धाकटीचे लग्न एक साल पुढे गेले आहे.

श्रावणातल्या त्या नानांना आम्ही एवढे सगळे सांगितले नाही, गट ऑफिसात गर्दी होती. कागदावर लागणीचा खर्च लिहून दिला. त्यांनी तो घडी करून टोपीत ठेवला. मुलगा तेव्हा गेला नाही. दसऱ्यानंतर गेला, चौदा हजार घेऊन. त्यातले सहा त्याने स्वतः कमावलेले होते. फॉर्म फी मागणाऱ्या एजंटाला त्याने पावती मागितली, तेव्हा तो माणूस पुन्हा फोन उचलेना. मग दुसरीकडे सरळ गेटवर जाऊन लागला.

पुतण्याच्या वहीची झेरॉक्स त्याच्या परवानगीने आमच्या गट ऑफिसात ठेवली आहे. सभासदांपैकी ज्यांची मुले जाणार आहेत त्यांनी ती जरूर पाहावी. सुरू लागणीच्या नोंदी चालू असल्यामुळे दुपारी तीननंतर यावे, आणि येताना मुलाला किंवा मुलीला बरोबर आणावे. वडील एकटेच आले तर वही दाखवली जाणार नाही.